गाळपेर

सरकारच्या गॅझेटानं आमच्या घराला दोनदा गाठलं. पहिल्यांदा अंबडला, दुसऱ्यांदा नांदूर मधमेश्वरच्या पाण्याकाठी. पहिल्या गॅझेटानं आमची जमीन कारखान्यांसाठी घेतली. दुसऱ्यानं आमची जमीन पाखरांसाठी राखली. दोन्ही वेळा आमच्या दादांना कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला. पहिला कागद वाचणारा गावातला मास्तर होता, दुसरा वाचणारा मी.

आज अंबड म्हटलं की लोकांना एमआयडीसी आठवते, शिफ्टचे भोंगे आठवतात. माझ्या लहानपणी अंबड म्हणजे बाजरी, भुईमूग, हरभरा, विहिरीवर मोट आणि समोर पांडवलेण्याचा डोंगर. गावाला गायरान होतं, त्याच्या पुढं उघडा माळ होता. माळावर तितर, ससे, रात्रीची कोल्हेकुई. ही सरकारी जमीन होती, पण आम्हाला ती सरकारी कधी वाटली नाही. गावाचीच ती. शेण्या वेचायच्या, गुरं सोडायची, होळीला लाकडं आणायची. आधी सातपूरला कारखाने आले, सत्तरच्या दशकात आमच्या शिवारावर आकडे पडले. पलीकडून सिडकोनं नवीन नाशिक बांधायला घेतलं. दहा-बारा वर्षांत माळही गेला आणि कोल्हेही गेले. कुठं गेले, कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही विचारलं. मी तेव्हा कारखान्यात नोकरी लागंल का, या विचारात होतो. दहावीच्या नव्या पद्धतीतल्या सुरुवातीच्या बॅचचा मी, आम्हाला वाटायचं दहावी म्हणजे मोठं शिक्षण.

ज्यांना मोबदला मिळाला त्यांच्यातल्या काहींनी राजदूत घेतली, काहींनी दोन मजली घर. दादांनी मामाच्या सल्ल्यानं निफाड तालुक्यात, गोदावरीच्या फुगवट्याच्या काठाला पाच एकर काळी जमीन घेतली. मामाचं घर तिथंच. मामा म्हणाले, "दाजी, हितं कारखाना येत नाही. हितं चहूकडं पाणीच हाये." मामांचं म्हणणं खरंच होतं. कारखाना नाही आला.

आता त्या पाण्याविषयी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

गोदावरी आणि कादवा जिथं भेटतात, तिथं इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगडी बंधारा बांधला. त्यातून डावा आणि उजवा असे दोन कालवे काढले आणि खालच्या दुष्काळी भागाला, कोपरगाव-राहात्याकडं पाणी नेलं. पुढं तिकडं ऊस आणि साखर कारखाने उभे राहिले, ते याच पाण्यावर. हा बंधारा बांधताना पाखरांचा विचार कुणाच्या डोक्यात असण्याचं कारण नव्हतं. पण नदी गाळ आणते. शंभर वर्षं गाळ आणला. तलाव उथळ झाला, बेटं तयार झाली, लव्हाळं, पाणकणीस माजलं. इंजिनिअर लोकांच्या दृष्टीनं हा बिघाड. पाखरांच्या दृष्टीनं मात्र याहून चांगली जागा नाही, कारण गुडघाभर पाणी आणि पायाखाली चिखल हेच त्यांना हवं असतं. म्हणजे ज्याला आज लोक निसर्ग म्हणून बघायला येतात, तो सगळा एका सरकारी बांधकामाच्या गाळातून झालेला आहे. मला ही गोष्ट फार गमतीची वाटते.

त्याच गाळावर आमच्या लोकांचं पोट होतं. पाणी ओसरलं की जी जमीन उघडी पडते तिला गाळपेर म्हणतात. ती मालकीची नसते. सरकारकडून एकसाली, म्हणजे एका वर्षापुरती, लावून घ्यायची. नांगरट नाही, खत नाही. पाय रुततील अशा चिखलात हरभरा, गहू टोचायचा, कुठं काकडी-टरबूज लावायचं. असा हरभरा येतो की घाट्यानं फांदी वाकते. पण पाणी कधी वाढंल याचा नेम नाही. वरून गंगापूर, दारणेचं पाणी सुटलं आणि फुगवटा चढला की झाली शेती. मामा म्हणायचे, "गाळपेर म्हंजे सासुरवाडीचं जेवण. वाढतील तव्हा जेवायचं."

तर १९७२ साल. ते आमच्या पिढीला विसरता येत नाही. मी तेरा वर्षांचा होतो. रस्त्याच्या कामावर आईबरोबर खडी फोडायला जायचो. लाल मिलोच्या भाकरी, सुकडी. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा मंजूर झाला. हे मला फार नंतर, पुस्तकात तारीख बघून कळलं. इकडं महाराष्ट्र दगड फोडतोय आणि तिकडं वाघ, माळढोक, हरणं यांची यादी चालली आहे. आधी वाचून राग आला. मग वाटलं, दुष्काळात गुरं मेली तशी रानातली जनावरंही मेलीच असतील, त्यांचा पंचनामा कुणी केला होता?

या कायद्याच्या आधी काही नव्हतं असं नाही. मुंबई राज्याचा १९५१ चा कायदा होता. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. कोल्हापूरकडं दाजीपूरच्या रानात पूर्वी महाराजांची शिकार चालायची, तिथं १९५८ साली गव्यांचं अभयारण्य झालं. पण हे सगळं जंगल, आधीच वनखात्याच्या ताब्यातलं किंवा राजाच्या शिकारीचं. १९७२ च्या कायद्यानं सरकारला मोठी ताकद दिली. कलम १८ खाली सरकारनं एक जाहीरनामा काढला की रेघ ओढली जाते. रेघेच्या आत कुणाचं घर आहे, विहीर आहे, की शाळा आहे, ते नंतर बघायचं. त्यासाठी कलेक्टरनं गावोगाव आपल्या भाषेत दवंडी द्यायची, लोकांनी दोन महिन्यांत आपले हक्क लेखी सांगायचे, मग चौकशी. आणि यातलं सर्वांत टोचणारं कलम २०. जाहीरनामा निघाल्यावर त्या जमिनीत कुणाला नवा हक्क मिळवता येत नाही, वारसाहक्कानं मिळंल तेवढाच. म्हणजे बाप मेला तर जमीन मिळंल, पण विकत घेता येणार नाही.

चौकशी लवकर झाली तर कलम २० चा जाच थोडाच. पण देशभर चौकशा पडून राहिल्या. इतक्या, की १९९७ साली सुप्रीम कोर्टाला सगळ्या राज्यांना सांगावं लागलं की हे हक्कांचं काम वर्षभरात उरका.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच राज्यातलं. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यात माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. क्षेत्र किती, तर ८४९६ चौरस किलोमीटर. तालुकेच्या तालुके आत. बाजारपेठा आत, एसटी स्टँड आत. माळढोकला लागतो मोकळा माळ. तो राहिला बाजूला. रेघ इतकी लांब ओढली की तिचा राग पाखरावर निघाला. शेवटी सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन ते क्षेत्र १२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोवर माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला होता. हे वाचलं की मला वाटतं, रेघ ओढणाऱ्यानं एकदा तरी पायी ती रेघ चालून बघितली असती तर बरं झालं असतं.

आमची रेघ १९८६ साली ओढली गेली. नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्य, १०,०१२ हेक्टर. पाणी आत, गाळपेर आत, काठाच्या गावांची मालकीची बागायत आत. पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं होतं, हे तिथं आजही लहान पोर सांगतं. त्या वेळी आम्हाला भरतपूरही माहीत नव्हतं.

आमच्या धाकट्या बहिणीचं लग्न त्याच साली ठरलं होतं. दादांनी एक एकर काढायचं ठरवलं. गिऱ्हाईक ठरलं, विसार घ्यायचा दिवस ठरला. गिऱ्हाईक आलं ते हात जोडून. "दादा, राग मानू नका. तुमच्या जमिनीला पाखरं लागली." दादा काही बोलले नाहीत. चहा पाजला त्याला. रात्री मला म्हणाले, "अंबडला म्हणले द्यावीच लागंल. हितं म्हणत्यात देताच येणार नाही. आपली व्हती कधी ती?" लग्न सावकाराच्या पैशावर झालं. ते कर्ज फेडायला आम्हाला सात वर्षं लागली.

आता मी जे लिहिणार आहे ते आजवर घरातसुद्धा सांगितलेलं नाही. मामा वारले, दादा वारले, म्हणून लिहितो.

त्या हिवाळ्यात मामांच्या गाळपेराला हरभरा झकास होता. थंडी पडली आणि करकोचे आले. ज्यांनी बघितले नाहीत त्यांना सांगतो, हे उंच राखाडी पक्षी, मानेवर काळा पट्टा, थव्यानं येतात, लांबून आवाज येतो. बघायला देखणे. पण चारशे-पाचशेचा थवा पहाटे हरभऱ्यात उतरला की दोन तासांत शेत साफ. पूर्वी मामा डबे वाजवायचे, गोफण फिरवायचे. त्याच्याही पूर्वी नाशिक-देवळालीकडून बंदूकवाले शिकारी बदकांसाठी यायचे, त्यांच्या बारानं पाखरं आपोआप उठायची. आता बंदुका बंद झाल्या होत्या. गावात कुणी म्हणायचं, डबा वाजवला तरी केस होते. ते काही खरं नव्हतं, पण कायदा कुणी समजावून सांगितला नाही की अफवाच कायदा होते. मामा घाबरून गप्प शेताच्या बांधाला बसून राहायचे आणि पाखरं खायची.

एक दिवस मामा मला म्हणाले, "भाचेराव, निफाडला चाललाच हाये तर उंदराचं औषध आण." काळी पूड असते ती. उंदरासाठी नाही हे मला कळत होतं. मी आणली. सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून आणली. रात्री मामांनी ती ज्वारीत कालवली.

पहाटे धुकं होतं. आम्ही गेलो तेव्हा चार करकोचे पडलेले होते. एक अजून पाय झाडत होता. त्याचा जोडीदार थोड्या अंतरावर उभा होता आणि उडत नव्हता. मामा जवळ गेले तरी उडत नव्हता. मामांनी खड्डा करायला सांगितला. गाळात खड्डा करायला वेळ लागत नाही, पण बुजवलं तरी वर येतं. दोनदा पुरले आम्ही ते. घरी आल्यावर मामी म्हणाली, पाणी तापलंय, आंघोळ करा. मामांनी आंघोळ केली नाही, जेवलेही नाहीत. उरलेली ज्वारी त्यांनी चुलीत टाकली. त्यानंतर त्यांनी कधी औषध वापरलं नाही, हे खरं. पण पाखरांबद्दल चांगलं बोलले असंही नाही. "तेंच्या नावावर झालीय जमीन," एवढंच म्हणायचे.

बरीच वर्षं मी यावर विचार केला. कायदा चुकीचा होता असं म्हणणं सोपं आहे. पण कायदा नसता तर त्या पाणथळीचं काय झालं असतं, हे मला अंबडवरून माहीत आहे. अंबडच्या माळावर रेघ ओढायला कुणी आलं नाही. तिथं तितरसुद्धा राहिला नाही.

अमेरिकेत १९६४ साली असाच एक मोठा कायदा झाला. सरकारी मालकीच्या जंगल-डोंगरांपैकी ९१ लाख एकर जमीन पहिल्याच फटक्याला कायमची रानटी ठेवायची असं ठरलं. रस्ता नाही, गाडी नाही, घर नाही. माणसानं यावं, बघावं आणि परत जावं. हॉवर्ड झानायझर नावाच्या गृहस्थानं या कायद्याचे ६६ मसुदे लिहिले म्हणतात, आणि सही व्हायच्या चार महिने आधी तो वारला. त्याच्या चिकाटीला नमस्कार. पण तिथल्या मूळ रहिवाशांना त्या रानातून कितीतरी आधीच हाकललेलं होतं, म्हणून ती जागा माणसाविना दिसली. आपल्याकडं माणसाविना जागा कुठून आणायची? नांदूर मधमेश्वरला तर पाखरं आणि माणसं दोघंही एकाच बंधाऱ्याच्या गाळावर आलेली.

हे सगळं वाचायची सवय मला उशिरा लागली, आणि त्यातून एक गोष्ट सापडली ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. लहानपणी पांडवलेण्यात आम्ही शेळ्या घेऊन जायचो. तिसऱ्या नंबरच्या मोठ्या लेण्यात भिंतीवर अक्षरं कोरलेली आहेत. आम्ही त्यावर बोटं फिरवायचो, पांडवांचा हिशोब आहे म्हणायचो. पुढं वा. वि. मिराशींच्या पुस्तकात अर्थ वाचला आणि थक्क झालो. तो सरकारी आदेश आहे. गौतमीपुत्र सातकर्णीनं आपल्या राज्याच्या १८ व्या वर्षी गोवर्धनच्या अमात्याला, म्हणजे आजच्या भाषेत कलेक्टरला, पाठवलेला. त्रिरश्मी डोंगरावरच्या भिक्षूंना अपरकखडी गावातलं २०० निवर्तनं शेत दिलं आहे, आणि त्या शेताला सूट दिली आहे. त्यात शिरायचं नाही, त्याला हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही, इकडच्या अधिकाऱ्यांनी ढवळाढवळ करायची नाही. गोवर्धन गाव आजही आहे, गंगापूरच्या रस्त्याला.

म्हणजे राखीव जमिनीचं गॅझेट आमच्या उशाशी एकोणीसशे वर्षं होतं. फरक एवढाच की तिथं प्रवेशबंदी राजाच्या माणसांना होती. आजच्या अभयारण्यात साहेबाची जीप जाते आणि बैलगाडीवाल्याला विचारतात, कुठं निघाला?

त्याच भिंतीवर खाली दुसरा आदेश आहे, सहा वर्षांनंतरचा, २४ व्या वर्षाचा. राजा आणि त्याची आई, दोघांच्या नावानं. पूर्वी दिलेलं ते शेत कुणी कसत नाही आणि ते गावही ओस पडलं आहे, म्हणून त्याच्या बदल्यात नगराच्या सीमेवरच्या आमच्या राजकीय शेतातून १०० निवर्तनं द्यावीत. मला या दुसऱ्या आदेशाचं जास्त कौतुक वाटतं. राजानं आधीचा हुकूम बघितला, तो जमिनीवर चालला नाही हे मान्य केलं आणि तेसुद्धा दगडात कोरून ठेवलं.

आपल्या कायद्यालाही तशी दुरुस्ती सुचली, पण तीस वर्षं लागली. २००२ च्या दुरुस्तीनं संवर्धन राखीव हा नवा प्रकार आला. सरकारी जमिनीवरच, पण लोकांना विचारून, आणि देखरेखीच्या समितीत ग्रामपंचायतीचा माणूस. यातलं राज्यातलं पहिलं राखीव आमच्याच जिल्ह्यात, बोरगडला, २००८ साली झालं. पुढं येवल्याकडं काळविटांसाठी ममदापूरचं झालं. बोरगडला मी एकदा गेलोय. डोंगरावर झाडी दाट झाली आहे. खाली गावातला एक म्हातारा म्हणाला, "आमी कुऱ्हाड बंद केली." तो "आमी" म्हणाला हे मी ध्यानात ठेवलं.

नांदूर मधमेश्वरला पुढं चांगले दिवस आले. इराणमधल्या रामसर शहरात १९७१ साली पाणथळींसाठी देशादेशांचा करार झाला होता, भारत त्यात १९८२ साली गेला. त्या कराराच्या यादीत महाराष्ट्रातली पहिली जागा म्हणून आमचं पाणी आलं. जानेवारी २०२० मध्ये बातमी आली. रामसरच्या कागदावर क्षेत्र आहे १४३७ हेक्टर. १९८६ ची रेघ १०,०१२ ची. हे दोन आकडे मी वहीत एकाखाली एक लिहून ठेवलेत. दादांचं एक एकर दुसऱ्या आकड्यात होतं, पहिल्यात नव्हतं.

एक काम मात्र कुठल्याच रेघेला जमलेलं नाही. काठावर पाटी लावता येते, पाण्याला पाटी लावता येत नाही. नाशिकचं सांडपाणी गोदावरीत जातं, आमच्या अंबडच्या शिवाराचं पाणीही कुठून तरी वळसा घेऊन गोदावरीलाच मिळतं, आणि ते सगळं नांदूरच्या बंधाऱ्याला येऊन थांबतं. मग पाणवेली माजतात. हिरवा गालिचा दिसतो, फोटोला छान. त्याच्याखाली मासा राहत नाही. कारखान्याचं गॅझेट आणि पाखरांचं गॅझेट असं शेवटी एकाच पाण्यात भेटलं. ते निस्तरायला कुणाच्या कचेरीत जायचं, हे मामेभाऊ मला विचारतो. मी दहावी शिकलेला, मला काय विचारतो?

मामेभाऊ आता पक्षी दाखवायचं काम करतो. मामांचा मुलगा. हिवाळ्यात शनिवार-रविवारी पहाटे पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात. त्याला चक्रवाक, थापट्या, चमचा, जांभळी, रोहित, सगळी नावं मराठीत आणि इंग्रजीत पाठ आहेत. काळ्या वारकऱ्याचं नाव ऐकून शहरातली माणसं हसतात, मग तो पंढरपूरची गोष्ट सांगतो. अडीचशेच्या आसपास जाती इथं दिसतात म्हणतो. शेती आहेच, पण पोराच्या कॉलेजची फी पाखरांवर निघते.

मागच्या डिसेंबरात मी गेलो होतो. मनोऱ्यावर एक बाई दुर्बिणीतून बघत होत्या, बरोबर आठ-दहा वर्षांची मुलगी. करकोचे उतरले होते, शंभरेक असतील. मुलीनं विचारलं, "काका, ते काय खातात?" मामेभाऊ म्हणाला, "हरभरा. आमचाच." सगळे हसले. मग त्यानं दुर्बीण माझ्याकडं दिली. "बघ ना भाऊ, एवढ्या लांबून आलाय." पाखरं बरोबर त्याच बाजूला होती. ती जागा आता ओळखू येत नाही, गाळ तीन-चार हात चढलाय, वरून लव्हाळं. मी दुर्बीण डोळ्याला लावली. थंडीमुळं काच धुकटली होती. मी ती धोतराच्या सोग्यानं पुसली आणि मुलीच्या हातात परत दिली.